ती रात्र आणि तिची टेप

आजचा प्रश्न दिसायला साधा आहे. एखादी मैफल चांगली झाली की नाही, हे कोणी ठरवायचं? जो तिथे हजर होता त्यानं, की ज्यानं नंतर तिचं ध्वनिमुद्रण ऐकलं त्यानं? उदाहरण घेतोय ते ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडचं. कारण या प्रश्नावर त्यांच्या चाहत्यांनी जेवढा काथ्याकूट केलाय, तेवढा क्वचितच कोणी केला असेल.

ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९६५ साली कॅलिफोर्नियात सुरुवात झाली आणि ऑगस्ट १९९५ मध्ये त्यांचा गिटारवादक जेरी गार्सिया गेला, तिथे हा बँड थांबला. तीस वर्षांत सुमारे २,३०० कार्यक्रम! आपल्याला तसा अगदीच परका नाही. त्यांचा एक ड्रमवादक मिकी हार्ट उस्ताद अल्लारखांकडे शिकला, आणि १९७६ च्या ‘दिगा’ या ध्वनिमुद्रिकेत झाकीर हुसेन त्याच्याबरोबर आहेत.

याला ‘जॅम बँड’ का म्हणतात? तर गाणं ठरलेलं असतं, पण त्याचा विस्तार त्या रात्री स्टेजवर सुचेल तसा होतो. ‘डार्क स्टार’ हे त्यांचं गाणं १९६८ च्या तबकडीवर तीन मिनिटांचंही नाही. १९६९ च्या ‘लाइव्ह/डेड’ मध्ये तेच गाणं तेवीस मिनिटं चालतं. आपल्याकडे बंदिश तीच असते, पण ‘त्या दिवशीचा यमन’ वेगळा असतो, तसंच काहीसं. फरक एवढाच, की इथे एक गायक आणि बाकीचे साथीला असं नाही, पाचसहा जण मिळून वाट शोधतात. म्हणून यांचे चाहते, म्हणजे डेडहेड, नुसतं गाणं सांगत नाहीत, तारीख सांगतात. ‘ते गाणं, पण अमुक तारखेचं.’

आता तारखांची तुलना करायची तर पुरावा हवा. तो चाहत्यांनीच जमवला. लोक माइक घेऊन यायचे, कार्यक्रम टेप करायचे. बँडनं त्यांना हाकललं नाही, उलट १९८४ पासून टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागा आणि वेगळी तिकिटं ठेवली. संकेत एकच, टेप विकायची नाही. कोरी कॅसेट पोस्टानं पाठवायची, भरून परत यायची. यातून असा श्रोता तयार झाला ज्यानं एकाच गाण्याची पन्नास-शंभर रूपं ऐकलीत. त्याचे कान तयार आहेत. पण त्यातल्या बहुतेक रात्री तो तिथे नव्हता.

सगळ्यात गाजलेली तारीख म्हणजे ८ मे १९७७. न्यूयॉर्क राज्यात इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठ आहे. तिथला बार्टन हॉल मुळात कवायतीसाठी बांधलेला. बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनितंत्रज्ञ बाईंनी त्या रात्रीचं मुद्रण केलं. त्यांच्या टेपा पुढे एका भाड्याच्या गोदामात पडून राहिल्या, १९८६ मध्ये लिलावात गेल्या आणि तिथून प्रती चाहत्यांमध्ये पसरल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत ही मैफल आहे. २०१७ मध्ये ती अधिकृतपणे बाहेर आली. अनेकांच्या मते हीच सर्वश्रेष्ठ रात्र. पण विरोधकही आहेत. ते म्हणतात, दुसऱ्या दिवशीचं बफेलो काही कमी नाही, कॉर्नेलची टेप स्वच्छ आहे आणि सगळ्यांकडे पोहोचली, एवढंच. आणि जे तिथे होते? ते हमखास सांगतात की मे महिना असून बाहेर बर्फ पडत होतं!

इथे ह्यूमची आठवण येते. अभिरुचीवरच्या १७५७ च्या निबंधात तो ‘डॉन किहोते’ मधली एक गोष्ट सांगतो. सँचो पांझाचे दोन नातलग पिंपातल्या दारूची चव घेतात. एक म्हणतो, छान आहे, पण किंचित चामड्याचा वास येतोय. दुसरा म्हणतो, लोखंडाचा. लोक हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी काय सापडतं? चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली. म्हणजे ह्यूमच्या मते जाणकाराच्या चवीला आधार असतो. टेपवाले नेमकं हेच म्हणतात: आमच्याकडे किल्ली आहे, बसा आणि ऐका.

पण जरा थांबा. १९८७ मध्ये बँडचं एक गाणं रेडिओवर गाजलं आणि मोठमोठी स्टेडियम भरायला लागली. हजारो तरुण तेव्हा पहिल्यांदा आले. नंतरच्या वर्षांत गार्सियाची प्रकृती ढासळली, तो गाण्याचे शब्दही विसरायचा. आता समजा, १९९४ मध्ये एक मुलगी पहिल्यांदा गेली, मित्रमैत्रिणींबरोबर नाचली, आणि म्हणते की माझ्या आयुष्यातली ती सर्वांत सुंदर रात्र. टेपवाला म्हणतो, ‘टेप ऐक, किती रडतखडत वाजवलंय.’ ही मुलगी चूक आहे का?

माझं म्हणणं असं, की इथे दोन वेगळी विधानं एकमेकांत मिसळलीत. प्रत्येक विधानाला विचारा, ‘तुला खोटं ठरवायला काय लागेल?’ ‘त्या रात्री गार्सियानं कडवं चुकवलं’, हे टेप ठरवेल. तिथे आठवणीनं हट्ट करू नये. स्मृती फार सहज शोभा वाढवते. पण ‘त्या गर्दीत मला एकटं वाटलं नाही’, हे टेप कशी खोडणार? ते टेपवर नव्हतंच.

आणि टेप तरी निष्पक्ष कुठे आहे? ध्वनिनियंत्रण टेबलावरून घेतलेल्या मुद्रणात प्रत्येक वाद्य जसं ऐकू येतं, तसं ते हॉलमध्ये बसलेल्या कोणालाच ऐकू आलेलं नसतं. गर्दीत धरलेल्या माइकमध्ये हॉल येतो, पण शेजारच्याची बडबडही येते. म्हणून तर यांपैकी कुठलं मुद्रण खरं, यावरही डेडहेड भांडतात!

तेव्हा हिशेब असा मांडा. साक्षीदाराकडे रात्र आहे, पण तुलना नाही. टेपवाल्याकडे तुलना आहे, पण रात्र नाही. कॉर्नेल ‘सर्वश्रेष्ठ रात्र’ म्हणणारा बहुधा ‘सर्वश्रेष्ठ टेप’ म्हणत असतो. आणि त्या मुलीला ‘तू चुकलीस’ म्हणणारा तिनं न केलेल्या दाव्याचं खंडन करत असतो. मात्र ती जर म्हणाली की ‘१९७७ पेक्षा त्यांनी उत्तम वाजवलं’, तर तिला टेप ऐकावीच लागेल.

आपल्याकडेही हे चालतं, बरं का. ‘तुम्ही भीमसेनजींना समोर बसून ऐकलंच नाही’ असं ज्येष्ठ मंडळी म्हणतात, आणि तरुण पोरं शंभर खासगी ध्वनिमुद्रणं ऐकून आलेली असतात. दोघांनी एकमेकांना गप्प करू नये. ज्येष्ठांनी मुद्रण पुन्हा ऐकावं, तरुणांनी त्यांना विचारावं की ‘मुद्रणात नाही असं काय घडलं होतं?’ ते सांगणारी माणसं दरवर्षी कमी होत जातात. टेप राहतील. म्हणून आधी कोणाचं ऐकायला हवं, ते उघड आहे.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.