'राखीव' जंगल म्हणजे नेमकं काय?

जंगलातून जाताना वनखात्याच्या पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. कुठे 'राखीव वन', कुठे 'संरक्षित वन'. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं. पण कायद्यात फरक मोठा आहे आणि तो थेट १८७८ सालापासून चालत आलाय.

त्याआधी १८६५ चा वन कायदा होता. रेल्वेच्या स्लीपरसाठी इंग्रजांना लाकूड हवं होतं. झाडं असलेली जमीन 'सरकारी जंगल' म्हणून जाहीर करायची मुभा या कायद्यानं दिली, पण एका अटीवर: लोकांच्या आणि गावांच्या आधीपासूनच्या हक्कांना धक्का लागता कामा नये. हीच अट बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याला खुपत होती (स्काउटवाले ते हे नव्हेत, त्यांचे सावत्र भाऊ). त्याचं म्हणणं, गावकरी पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारतात, सरपण आणतात, पण तो हक्क नव्हे, सरकारनं दिलेली सवलत. वनखात्याचे प्रमुख ब्रँडिस यांना गावांसाठी वेगळी जंगलं ठेवायची होती. मद्रास सरकारचा तर सरळ विरोधच होता.

१८७८ चा कायदा बराचसा बेडन-पॉवेलच्या वळणाचा झाला. राखीव जंगलात परवानगी नसेल ते सगळं बंद. संरक्षित जंगलात मनाई नसेल ते सगळं चालू. ग्रामवनाची तरतूद होती, ती बहुतेक कागदावरच राहिली.

माझ्या मते खरी मेख आहे ती राखीव करण्याच्या पद्धतीत. आधी गावोगावी जाहीरनामा लावायचा, किमान तीन महिन्यांची मुदत द्यायची. तेवढ्यात दावा केला नाही, तर हक्क संपला! जाहीरनामा स्थानिक भाषेत असे, हे खरं. पण तो वाचणार कोण? पाच वर्षांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव फुले वनखात्यावर एवढे का संतापले, ते इथे कळतं.

ही पद्धत १९२७ च्या कायद्यात तशीच उतरली, आणि तो आजही लागू आहे. राष्ट्रीय उद्यानांचा पहिला कायदा संयुक्त प्रांतात १९३५ साली झाला. त्यातून पुढच्या वर्षी हेली पार्क, म्हणजे आजचं कॉर्बेट, उभं राहिलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तर दाव्याची मुदत दोनच महिने आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्यात पुन्हा तीन महिने आले, पण इथे दावे मागवते ग्रामसभा आणि तिला मुदत वाढवता येते. शिवाय कागद नसेल, तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा जबाबही पुरावा म्हणून चालतो.