बाळाच्या शीतून रक्त आले, तर ‘उष्णता’ म्हणून थांबू नका

वस्तीत काम करताना एक वाक्य वारंवार कानावर येते : “उष्णता झाली असेल, म्हणून शीतून रक्त पडतंय.” कुणी मूळव्याध म्हणते, कुणी अंगारा लावते. यात दोन दिवस जातात. खरे तर लहान मुलांत मूळव्याध क्वचितच असते.

आधी रंग पाहा. डांबरासारखी काळी, चिकट शी म्हणजे रक्त बहुधा जठरातून किंवा त्याच्या आसपासच्या भागातून येते. लालभडक रक्त बहुधा मोठ्या आतड्यातून किंवा गुदद्वारातून येते. मात्र लोहाच्या औषधाने शी काळी आणि बीट खाल्ल्याने लाल होऊ शकते. म्हणून शीचा मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.

बऱ्याचदा कारण साधे असते. बद्धकोष्ठामुळे गुदद्वाराला चीर पडते आणि कडक शीवर लाल रेघ दिसते. शी मऊ राहिली की चीर भरून येते. ताप आणि आव असेल तर जंतुसंसर्गाची शक्यता असते. न दुखता पुन्हा पुन्हा लाल रक्त येत असेल तर आतड्यात पॉलिप, म्हणजे छोटी गाठ, असू शकते. ती दुर्बिणीतून काढता येते.

एका आजारात मात्र प्रत्येक तास मोलाचा असतो. काही महिन्यांचे ते तीन वर्षांचे मूल थांबून थांबून कळवळते, पाय पोटाशी घेते, उलट्या करते आणि नंतर लाल जेलीसारखी शी होते. अशा वेळी आतड्यात आतडे शिरलेले असू शकते. सोनोग्राफीत ते कळते. वेळेत पोहोचल्यास बहुतेकदा गुदद्वारातून हवा किंवा सलाइन दाबाने सोडून आतडे पूर्ववत करतात, ऑपरेशन टळते. उशीर झाला तर आतडे सडते.

रक्ताची उलटी, काळी शी, खूप रक्त, फिकट चेहरा, थंड हातपाय, सुस्ती यांपैकी काहीही दिसले तर लगेच 108 ला फोन करा. रुग्णालयात आधी नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन तपासतात, सलाइन आणि गरजेनुसार रक्त देतात. मूल सावरल्यावर दुर्बिणीने रक्तस्रावाची जागा शोधतात. तोवर आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन मनाने देऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

घरी बाळंतपण झाले असेल, तर बाळाला ‘व्हिटॅमिन के’चे इंजेक्शन मिळाले का, हे आशाताईंना जरूर विचारा. ते न मिळालेल्या तान्ह्या बाळाला रक्तस्रावाचा धोका जास्त असतो.

पैशांची चिंता खरी आहे, पण आधी सरकारी रुग्णालय गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी तिथे पोहोचल्यावरही करता येते.