ऐकू येतंय, पण कळत नाही

घामाने निथळणाऱ्या, हातपाय थरथरणाऱ्या एका पन्नाशीच्या गृहस्थांना त्यांच्या बायकोने पहाटे आमच्या रुग्णालयात आणलं. साखर होती ५२. ग्लुकोज दिल्यावर ते सावरले आणि मग उलगडा झाला. रात्रीच्या जेवणाआधी मी त्यांना इन्सुलिन सांगितलं होतं सहा युनिट. ते घेत होते दहा. कागदावर सहाच लिहिलं होतं, पण दुकानात दाखवून झाल्यावर कागद घडी होऊन कपाटात गेला. त्यांनी भरवसा ठेवला तो कानांवर. “तुम्हीच तर दहा म्हणालात,” ते म्हणाले. बायकोने लगेच सांगितलं, “यांना ऐकू येतं हो सगळं, लक्षच नसतं.”

लक्ष होतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर त्यांची बावीस वर्षं गेली आहेत. कानांची तपासणी केली तेव्हा आलेख बराच वेळ सरळ चालला आणि ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात पडावा तसा खाली गेला. पुढे पुन्हा थोडा वर आला. मोठ्या आवाजाने कान गेलेल्यांचा आलेख बहुधा असाच असतो, मग माणूस प्रेसवरचा असो की ढोल-ताशा पथकातला.

पण ४००० च का? विद्यार्थी असताना मला हा प्रश्न पडला नव्हता; मी ते पाठ केलं होतं. उत्तर मात्र शाळेतल्या विज्ञानात आहे.

पनवेलला मालगाडी सुटताना कधी पाहा. इंजिन हलतं आणि खडाक् खडाक् करत धक्का शेवटच्या डब्यापर्यंत जातो. त्या क्षणी प्रत्येक डबा वीतभरच सरकलेला असतो, धक्का मात्र अख्खी गाडी ओलांडून गेलेला असतो. आवाज हवेतून असाच जातो. सेकंदाला असे किती धक्के, ही वारंवारता; ती ठरवतो आवाज करणारा. धक्का किती वेगाने पुढे जाईल हे ठरवतं माध्यम: आपल्याकडच्या उबदार हवेत सेकंदाला साधारण ३४५ मीटर. वेगाला वारंवारतेने भागलं की दोन धक्क्यांमधलं अंतर मिळतं, ती तरंगलांबी. १०० हर्ट्झचा घुमणारा आवाज जवळजवळ साडेतीन मीटर लांबीचा, तर ४००० हर्ट्झचा जेमतेम साडेआठ सेंटिमीटरचा. गणपतीत दोन गल्ल्या पलीकडच्या डीजेची धडधड इमारतींना वळसा घालून आपल्या पलंगापर्यंत पोचते आणि गाण्याचे शब्द मात्र पोचत नाहीत, ते त्यामुळेच.

आता कानाची नळी घ्या. लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर, आतलं टोक पडद्याने बंद. एका बाजूने बंद असलेली नळी आपल्या चौपट लांबीच्या तरंगाला साथ देते. पेनाच्या टोपणात फुंकलं की ठरावीकच शीळ निघते, तसं. अडीच चोक दहा. दहा सेंटिमीटरचा तरंग म्हणजे ३४५० हर्ट्झ. त्या आसपासचा आवाज पडद्यापाशी पोचेपर्यंत दहा-पंधरा डेसिबलने वाढलेला असतो, आणि आतल्या कानात सर्वाधिक नुकसान होतं ते याच्या किंचित वर, ४००० च्या जागी.

‘जागी’ हा शब्द अगदी शब्दशः घ्यायचा. आतल्या कानात साडेतीन सेंटिमीटर लांबीचा एक पापुद्रा असतो. त्यावरून धावणारा तरंग उंच स्वरांसाठी दाराशीच उसळतो, खालच्या स्वरांसाठी पार टोकाला जाऊन. हे शोधलं जॉर्ज फॉन बेकेशी यांनी. डॉक्टर नव्हे, बुडापेस्टच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम केलेला भौतिकशास्त्रज्ञ. १९६१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना मिळालं. त्या पापुद्र्यावर प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. गेलेली पेशी परत येत नाही.

बोलण्यातले स्वर खालच्या वारंवारतेचे आणि दणकट असतात. स, श, फ ही व्यंजनं बारीक आणि उंच. ‘सहा’ मधला ‘स’ गळाला, उरलं ‘हा’. बाकीचं मेंदूने भरलं, आणि चुकीचं भरलं.

त्यांची बायको घरी ओरडून बोलते. उपयोग होत नाही, कारण जोर वाढवला की तरंगाचा आयाम वाढतो, वारंवारता तीच राहते. स्वर तेवढे गडगडतात. ‘स’ ओरडून म्हणून पाहा, येत नाही. त्यापेक्षा समोर बसून, चेहरा दिसेल असं, सावकाश बोललेलं कळतं.

कारखान्यात आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागत असेल, तर कानांवर संरक्षण हवंच. आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्याने नोंद करायच्या आजारांत आहे, भरपाईच्या तरतुदींतही आहे. माझ्याकडे येणाऱ्या कामगारांपैकी हे माहीत असलेला विरळाच. सहसा ते येतात रक्तदाबासाठी किंवा साखरेसाठी, आणि कानाचं बायको सांगते.

हे गृहस्थ अजून त्याच प्रेसवर आहेत, निवृत्तीला चार वर्षं उरलीत. इअरमफ घालतात. श्रवणयंत्राचं माप दिलं आहे. परवा डोस सांगताना मी हाताची सहा बोटं वर केली, तर त्यांनीही सहा करून दाखवली, आणि बायकोकडे वळून पाहिलं.