ठिबकाचा फिल्टर : किंमत नव्हे, पाणी पाहून घ्या

ठिबकाचा संच घेताना आपण नळ्यांच्या भावावर घासाघीस करतो आणि फिल्टर मात्र दुकानदार देईल तो घेतो. मग ऐन उन्हाळ्यात तोट्या तुंबतात, ऊस वाळू लागतो आणि लागणीचा खर्च अंगावर येतो.

फिल्टर पाण्यावरून ठरवावा. शिरूर तालुक्यात घोड व चासकमानचे कालवे, दौंडकडे खडकवासल्याचा कालवा, मुळा-मुठा आणि भीमा. अशा उघड्या पाण्यात शेवाळ व कुजका पाला असतो. तेथे आधी वाळूचा आणि त्यापुढे जाळीचा किंवा चकत्यांचा फिल्टर हवा. नुसती जाळी शेवाळाने लवकर बुजते. विहीर-बोअरमधून वाळू येत असेल, तर आधी हायड्रोसायक्लोन, मग जाळी.

आकार पंपाच्या पाण्यावरून ठरवा. २०० लिटरचे पिंप ४० सेकंदांत भरले, तर पंप तासाला १८,००० लिटर पाणी देतो. फिल्टर त्याहून लहान नको.

फिल्टरच्या आधी व नंतर दाब दाखवणारे घड्याळ बसवून घ्या. दोन्हींतला फरक नेहमीपेक्षा अर्ध्या किलोने वाढला, की वाळूच्या फिल्टरमधून उलटे पाणी सोडा. जाळी, चकत्या काढून धुवा. जाळी फाटली तर मात्र घड्याळ काहीच सांगणार नाही. म्हणून अधूनमधून झाकण उघडून पाहा.

पाण्यात विरघळलेले क्षार यांतला कोणताही फिल्टर अडवत नाही. त्यासाठी पाणी तपासून, सल्ल्यानेच आम्लप्रक्रिया करावी.