चाकूचं टोक मोडलं तर

घडीच्या चाकूचं टोक बहुधा कापताना मोडत नाही. डब्याचं झाकण उचकटताना किंवा स्क्रू फिरवताना मोडतं. धार टिकावी म्हणून पातं कठीण केलेलं असतं. स्विस कंपनी व्हिक्टोरिनॉक्सच्या चाकूचं पातं कठीणपणाच्या रॉकवेल मापावर सुमारे ५६ भरतं. कठीण पोलाद आडवा ताण फारसा सोसत नाही, आणि टोकाशी तर ते सर्वांत पातळ.

दोन-तीन मिलिमीटरच गेलं असेल तर चाकू टाकू नका. घासायचं ते पाठीकडून, धारेकडून नव्हे. पाठ उतरती केली की नवं टोक धारेच्या रेषेवर येतं आणि मिटल्यावर मुठीत लपतं. धारेकडून घासलंत तर टोक वर सरकतं, मिटलेल्या चाकूतून डोकावतं आणि खिशात हात घालताच टोचतं. साधी कानस अशा पात्यावर फारशी चालत नाही. जाड कणांचा डायमंड स्टोन घ्या. वेळ लागतो, लागू द्या.

ग्राइंडरचा मोह धोक्याचा. पातळ टोक क्षणात तापतं. निळी झाक दिसली, म्हणजे टोक फार तापलं आणि तिथलं पोलाद मऊ पडलं. मग धार टिकणार नाही. ग्राइंडर वापरायचाच असेल, तर दर स्पर्शानंतर पातं पाण्यात बुडवा आणि डोळ्यांवर गॉगल चढवा.