बोर्ड भाड्याचा, बूट मात्र स्वतःचे

- प्रतिनिधी

जानेवारी उजाडला, की मुंबई-पुण्याहून गुलमर्गकडे जाणाऱ्या पर्यटकांची रीघ लागते. पूर्वी या मंडळींचा बर्फाशी संबंध घसरगाडीत बसून छायाचित्र काढून घेण्यापुरता असे. आता त्यांतील काही तरुण स्नोबोर्डिंग शिकण्याच्या निश्चयानेच निघतात आणि निघण्यापूर्वी एका प्रश्नाशी अडखळतात : साहित्य विकत घ्यावे, की तेथे भाड्याने?

बोर्ड, त्यावर पाय जखडून ठेवणारे बाइंडिंग आणि बूट असा नवा संच अमेरिकेतील दुकानात घेतला, तर सहाशे ते हजार डॉलर सहज खर्च होतात. वर्षातील पाच दिवसांच्या हौसेसाठी हा खर्च म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय बर्फ कोणाच्या सुट्टीची वाट पाहत नाही. जानेवारी २०२४च्या पूर्वार्धात गुलमर्गचे उतार जवळजवळ कोरडे होते. तथापि सगळेच भाड्याने घेणे हेही शहाणपणाचे नाही.

खर्चाचा क्रम बहुतेकांकडून उलटा लावला जातो. आधी चित्रविचित्र रंगांचा बोर्ड पसंत केला जातो आणि उरलेल्या पैशांत बूट उरकले जातात. वस्तुतः बोर्डाला सुकाणू नसते. टाच आणि चवडा यांच्या दाबाने त्याची पोलादी कड बर्फात रुतते आणि तो वळतो. बुटात टाच अर्धा इंच जरी उचलली गेली, तरी पायाची आज्ञा बोर्डापर्यंत उशिरा पोहोचते, नको ती कड बर्फात अडकते आणि मनुष्य आडवा होतो. भाड्याच्या बुटांचे अस्तर आधीच्या शेकडो पायांनी दाबून पार सैल केलेले असते. प्रस्तुत प्रतिनिधीने असेच एक नंबर मोठे बूट ‘चालतील’ म्हणून घेतले आणि शिकण्याचा दुसरा दिवस हॉटेलच्या खिडकीत, सुजलेला घोटा उशीवर ठेवून काढला.

बूट घेताना पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजावे. या बुटांचे माप बहुधा तसेच दिलेले असते. एकच पातळ लोकरी मोजा घालून उभे राहावे. बोटे पुढे किंचित टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर थोडी मागे सरकली पाहिजेत. टाच मात्र जागची हलता कामा नये. दुकानात सैलसर, आरामशीर वाटणारा बूट टाळावा. चार-सहा दिवसांत अस्तर दबते आणि तो आणखी सैल होतो.

दुसरा खर्च हेल्मेटचा. हे कधीही जुने घेऊ नये. आतील फेस एका जोरदार आघातात दबला, की त्याचे काम संपते आणि बाहेरून ते दिसतही नाही. आतील लेबलावर ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ २०४० यांपैकी एक मानक असावे. मोटारसायकलचे हेल्मेट येथे उपयोगाचे नाही. नवशिका हात पुढे टाकून पडतो आणि मनगट मोडून घेतो. म्हणून मनगटाला आधार देणारे रिस्ट गार्ड अवश्य घ्यावेत. त्यांची किंमत प्लास्टरपुढे काहीच नाही.

कपड्यांत खरी काटकसर साधते. सह्याद्रीतील पावसाळी भटकंतीचे चांगले जलरोधक जाकीट घरी असेल, तर आत लोकरीचा थर घालून ते येथेही चालते. सुती बनियन आणि जीन्स मात्र नकोतच; ओले झालेले सुती कापड अंग गारठवते. नवशिक्याचा निम्मा वेळ बर्फात बसण्यातच जातो. म्हणून जाकिटापेक्षा जलरोधक विजार आणि हातमोजे यांवर अधिक पैसे घालावेत.

दोन-तीन हंगाम टिकून राहिलेल्यांनी बोर्डाचा विचार करावा. अमेरिकेत भाचा-पुतण्या असेल, तर त्याला मार्च-एप्रिलमध्ये दुकानात धाडावे. हंगाम सरताना किमती उतरतात आणि गेल्या वर्षीच्या बोर्डात बहुधा चित्राखेरीज फारसा फरक नसतो. जुना बोर्ड घेताना कडेवरून हलकेच नख फिरवावे. गंज घासून निघतो, पण तुटलेली किंवा उखडलेली कड दुरुस्त होणे कठीण. तळाच्या खरचटण्याची चिंता नको; खोल घाव पडून आतील लाकूड दिसत असेल, तर मात्र बोर्ड परत करावा. थर सुटलेला बोर्ड फुकटही नको. बोर्डाची लांबी हनुवटी ते नाकापर्यंत असावी, असा ठोकताळा आहे. पण स्वतःचे वजन हे त्याहून खरे माप. बाइंडिंगचे पट्टे आणि दाते तपासावेत, तसेच त्याची चकती बोर्डावरील भोकांशी जुळते का, हेही पाहावे. सर्व कंपन्यांची रचना एकसारखी नसते.

यातून वाचलेले पैसे शिक्षकावर खर्च करावेत. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग व गिर्यारोहण संस्था गुलमर्गमध्येच आहे. तेथील अभ्यासक्रमांची चौकशी आधीच करावी. पहिल्या खेपेस खालचे सौम्य उतार पुरेसे आहेत. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट पर्वतावर सुमारे ३,९५० मीटर उंचीवर नेतो. तेथील मोकळे उतार नवशिक्यांसाठी नाहीत. फेब्रुवारी २०२३मध्ये तेथे झालेल्या हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू मृत्युमुखी पडले होते.

आणि एक : बोर्ड स्वतःचा असलाच, तर बाइंडिंगसह त्याचे वजन चार-पाच किलो भरते. देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादा बहुधा १५ किलो असते. तिकीट काढण्यापूर्वी लांब सामानाचा आकार विचारून घ्यावा.