बावन्न वजा सत्तावीस

केंद्राच्या शिक्षण परिषदेत पुढच्या खुर्चीवर कोण बसतं, त्यावरून ती परिषद कशी होणार ते कळतं. मी केंद्रप्रमुख झालो तेव्हा पहिली काही वर्षं त्या खुर्चीवर मीच बसायचो.

राज्यात केंद्रप्रमुखांची ४,८६० पदं १९९४ मध्ये निर्माण झाली. साधारण दहा शाळांचं एक केंद्र. महिन्यातून एकदा त्या शाळांतल्या शिक्षकांनी एकत्र बसून वर्गातल्या अडचणी बोलाव्यात, अशी कल्पना होती. आमच्याकडे मात्र टपालच चालायचं. आधार नोंदणी किती राहिली, पोषण आहाराचा तांदूळ शिल्लक किती, शिष्यवृत्तीची माहिती विहित नमुन्यात कधी देणार. मी विचारायचो, गुरुजी लिहून घ्यायचे, चहा व्हायचा, परिषद संपायची.

२२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं नाव सर्वतोमुखी झालं. आम्हीही गाडी करून बघायला गेलो. मुलं गटागटाने जमिनीवर बसून, साहित्य हाताळत स्वतः शिकत होती. परतताना गाडीत सगळे भारावून बोलत होते. पुढच्या महिनाभरात आमच्या शाळांच्या फरशा ऑइलपेंटने रंगल्या. आकडे, गोल, चौकटी सगळं आलं. पण त्या चौकटीत मुलाला कधी उभं करायचं आणि का, हे आमच्यात कुणी कुणाला विचारलं नाही. विचारायला जागाच मी ठेवली नव्हती.

मग मी परिषदेत आदर्श पाठ ठेवायला सुरुवात केली. बोलण्यात तरबेज अशा एका सरांना तयार केलं. त्यांनी मुलांकडून आदल्या दिवशी सगळं घोटून घेतलं होतं. पाठ सुरू झाला, आणि पहिल्या रांगेतल्या एका मुलीने प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर सांगून टाकलं. कुणी हसलं नाही. सगळे वहीत बघत राहिले. त्या पोरीचा गोंधळलेला चेहरा मला अजून आठवतो. आपण तिलाही खोट्यात ओढलं, याची बोच गेलेली नाही.

त्यानंतर मी द्विशिक्षकी शाळेतल्या एका बाईंना विचारलं. परिषदेत त्या कायम मागच्या भिंतीला टेकून बसायच्या. “सर, माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नाही. मुलांची वजाबाकीच होत नाहीये,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “मग तेच आणा.”

त्यांनी तिसरीच्या वह्या आणल्या. गणित होतं ५२ वजा २७. चौदापैकी नऊ मुलांनी ३५ लिहिलं होतं. बाईंनी वह्या टेबलावर पसरल्या आणि म्हणाल्या, “मी तीनदा शिकवलं. माझं कुठे चुकतंय ते तुम्ही सांगा.” परिषदेत असं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग निवृत्तीला आलेले एक गुरुजी उठले, वही डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, “बाई, तुम्ही वजाबाकी शिकवताना तोंडाने काय म्हणता?” बाई म्हणाल्या, “मोठ्यातून लहान वजा करायचं.” गुरुजी मटकन खाली बसले. “मी तीस वर्षं हेच म्हणतोय.” एककाच्या घरात वर २, खाली ७. मोठ्यातून लहान काढलं, ५ उरले. दशकाच्या घरात ३. नऊच्या नऊ पोरांनी आमचा नियम तंतोतंत पाळला होता!

त्या दिवशी टपाल तसंच राहिलं. कुणीतरी काड्यांचे गठ्ठे आणले. पाच गठ्ठे, दोन सुट्या काड्या. त्यातल्या सत्तावीस द्यायच्या. मोठी माणसं जमिनीवर मांडी घालून बसली आणि एका गठ्ठ्याचं रबर काढून बारा सुट्या काड्या मोजू लागली. दशक सुटा करणं म्हणजे काय, हे फळ्यावर लिहून दाखवण्यातच आमचा जन्म गेला होता.

पुढची अडचण कुठल्याच परिपत्रकात सापडणार नव्हती. बाईंचा वर्ग इतर शाळांतल्या शिक्षकांना बघायचा होता, बाईंनाही दुसऱ्यांच्या वर्गात बसायचं होतं. पण दोन शिक्षकांच्या शाळेतून एक बाहेर पडला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. शिक्षकांनी पुढे यावं असं भाषणात सगळेच म्हणतात, त्यांच्या मागे वर्ग कोण सांभाळणार हे कुणी बोलत नाही. शेवटी आठवड्यातला एक दिवस मी ठरवला. बाई दुसऱ्या शाळेत, मी त्यांच्या वर्गावर. पहिल्या दिवशी दुसरीतल्या एका मुलाने तीनदा विचारलं, “बाई कधी येणार?” माझी भेटींची नोंदवही त्या महिन्यात अर्धी रिकामी राहिली आणि तालुक्याच्या बैठकीत मला त्याचा जाब द्यावा लागला. दिला. आजही देईन.

दीड वर्षाने बाईंची बदली झाली. पुढच्या परिषदेत आता काय होणार म्हणून मी धास्तावलो होतो. टपालाची फाईलही सोबत घेतली होती. पोहोचलो तर पुढची खुर्ची भिंतीला सरकवलेली, सगळे खाली सतरंजीवर गोलात बसलेले. मधोमध ते निवृत्तीला आलेले गुरुजी, मांडीवर भागाकाराच्या वह्यांचा गठ्ठा.

“या सर, बसा,” ते म्हणाले. “माझी अकरा पोरं अडलीत.”